अमेरिकेतील बहिणीचे बाळ दत्तक घ्यायचे, तर सुरुवात कोठून?

धागाकर्ती, लातूर
माझी धाकटी बहीण आणि तिचे यजमान टेक्सासमध्ये राहतात व दोघेही अमेरिकेचे नागरिक आहेत. तिला दोन मुले आहेत, सध्या सातवा महिना चालू आहे, आणि आम्हाला मूल नसल्याने हे बाळ आमच्या ओटीत घालायचे असे दोन्ही घरांनी ठरवले आहे. सासरे म्हणतात, तिसऱ्या महिन्यात बाळ इकडे आणा, गुरुजींना बोलावून दत्तकविधान करू आणि दुय्यम निबंधकाकडे दत्तकपत्र नोंदवून मोकळे होऊ. मला मात्र आधी कागद आणि मग बाळ, हाच क्रम योग्य वाटतो. आपले मत सांगावे.

वकील, नांदेड
ताई, आपलाच क्रम बरोबर आहे. जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले होते, ज्यात नात्यातले, अमेरिकेत जन्मलेले मूल काही महिन्यांचे असतानाच येथे आणून वाढवले होते. तरीही न्यायालयाने सांगितले की परदेशी नागरिक असलेले मूल दत्तक घेण्याचा मूलभूत हक्क भारतीयांना नाही, आणि ते मूल काळजी व संरक्षणाची गरज असलेले वा विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेले, नसेल, तर आपला बाल न्याय कायदा त्याला लागू होत नाही. दत्तक आधी अमेरिकेच्या कायद्याने घ्यावे, येथील सोपस्कार त्यानंतर. दोन्ही देश 1993 च्या हेग करारात, म्हणजे एका देशातील मूल दुसऱ्या देशात दत्तक देण्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात आहेत. म्हणून पहिला अर्ज केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, म्हणजे ‘कारा’कडे करावा. समाजसेवक घरी येऊन गृह अध्ययन अहवाल तयार करतील, त्यावर आणि मुलाच्या कागदपत्रांवर ‘कारा’ची मंजुरी मिळेल, दत्तकाचा आदेश तिकडचा असेल, आणि बाळ अमेरिकन पासपोर्टवर येणार असल्याने भारताचा व्हिसाही लागेल.

वाचक, बीड
मला हे पटत नाही. चुलत्याने पुतण्या, मावशीने भाचा मांडीवर घेणे ही आपली जुनी रीत आहे. आमच्या भागातली कितीतरी जोडपी लेकरे आजीच्या हवाली करून सहा-सहा महिने ऊसतोडीला जातात, तेव्हा कोणी मंजुरी विचारत नाही. सख्ख्या मावशीचे घर तपासायला माणूस पाठवणे म्हणजे मायेची पावती मागण्यासारखे आहे.

वकील, नांदेड
ऊसतोडीला गेलेल्यांची लेकरे त्यांचीच राहतात, गाडी परत आली की आईला बिलगतात. येथे आईबापच बदलणार आहेत. उद्या व्हिसाची मुदत संपली, तर गुरुजींची पोथी कामाला येणार नाही.

शिक्षिका, जालना
आपण दोघेही कागदांवर भांडत आहात. माझा आक्षेप त्याही आधीचा आहे. बाळ अजून जन्मलेलेच नाही. याच हेग करारात आईची संमती बाळाच्या जन्मानंतरच ग्राह्य धरली आहे, आणि ज्या बाईने बाळंतिणीची खोली पाहिली आहे तिला यामागचे कारण समजावून सांगावे लागणार नाही. मग दोन घरांनी ‘ठरवले’ म्हणजे नेमके काय ठरवले? शिवाय सांभाळण्यासाठी दत्तक घ्यावेच लागते असेही नाही. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे 1200 मुले पुण्याला शिक्षणासाठी नेली, पण त्यासाठी त्यांची आडनावे बदलावी लागली नाहीत. या बाळाला आईवडील आहेत, भावंडे आहेत. मूल हवे ही गरज आपली आहे, बाळाची नव्हे.

वाचक, बीड
हे फार कठोर झाले. निपुत्रिक बाईला वाडीत काय ऐकावे लागते, ते शाळेच्या कट्ट्यावरून दिसत नाही.

शिक्षिका, जालना
दिसते, आणि म्हणूनच सुचवते की ताईंनी येथील मुलासाठीही ‘कारा’च्या संकेतस्थळावर नोंदणी करावी. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी नवरा-बायकोच्या वयांची बेरीज 85 च्या आत लागते, आणि प्रतीक्षा मोठी असते.

धागाकर्ती, लातूर
आमच्या वयांची बेरीज 79 आहे, त्यामुळे नोंदणीला उशीर करून चालणार नाही. जालन्याच्या ताईंचे बोलणे लागले, पण काल रात्री बहिणीला फोन करून मी स्पष्ट सांगितले की बाळंतपणानंतर तिचे मन बदलले तरी आमच्या मनात काही राहणार नाही. ती बराच वेळ काहीच बोलली नाही आणि मग रडली. सासऱ्यांना हे अजून सांगितलेले नाही. त्यांनी गुरुजींकडून मुहूर्त काढून आणला आहे.