कोपऱ्यावरचं घर, जुनं कुंपण आणि रस्त्याकडच्या झाडांची अट

कोपऱ्यावरची:
आमचं घर दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर आहे. मागच्या बाजूला दोन खोल्या वाढवायच्या आहेत, म्हणून नकाशा मंजुरीला दिला. तो परत आला, आणि हरकत निघाली ती खोल्यांवर नाही, झाडांवर! पत्रात तीन गोष्टी आहेत. एक, कोपऱ्यावरचं मेंदीचं कुंपण 'दृष्टी-त्रिकोणात' येतं, ते ७५ सेंटीमीटरच्या खाली आणा. दोन, रस्त्याकडची बाजू २४ मीटर आहे, तिथे चार झाडं दाखवा, जातीच्या नावासकट. तीन, फुटपाथला लागून काटेरी झुडूप नको (म्हणजे माझी बोगनवेल गेली).

मेंदी मी स्वतः काडी काडी खोचून लावलेली आहे. अकरा वर्षं झाली. आज ती दीड मीटर उंच आणि इतकी दाट आहे की आतून मांजरसुद्धा बाहेर जाऊ शकत नाही. ती गेली तर बैठकीची खिडकी थेट रस्त्यावर उघडी पडते. आमच्या आवारात आम्ही काय लावायचं हे कागदावरून ठरवणारे हे कोण? यातून काही पळवाट आहे का?

घाईतला_४४:
पळवाट कसली, सरळ वाट आहे. पत्रात सांगितलं तसं नकाशावर दाखवा, चार रोपं आणून खोचा, फोटो काढा, मंजुरी घ्या. मग पाणी घालायचं विसरा. सगळे हेच करतात.

जुना आराखडेवाला:
घाईतले, अशी वाळलेली रोपं मी खूप पाहिलीत. बऱ्याच ठिकाणी झाडांपोटी अनामत ठेवून घेतात आणि एकदोन हंगाम गेल्यावर, झाड जगलंय हे बघूनच परत करतात. तेव्हा खोचाखोचीचा सल्ला महागात पडतो.

ताई, मी बरीच वर्षं असे आराखडे काढले आणि काही काळ टेबलाच्या पलीकडे बसून तपासलेही. तुमचा राग कळतो. पण भांडायच्या आधी एक करून बघा. रहदारी नसेल अशा वेळी, गाडी वळायला थांबते त्या जागेजवळ, कडेला सुरक्षित बाजूला एक साधी खुर्ची टाकून बसा. खुर्चीत बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण १.१ ते १.२ मीटरवर येतात, लहान गाडीच्या चालकाचेही जवळपास तिथेच असतात. मग घरातल्या कुणाला तरी कुंपणाच्या पलीकडून फुटपाथवरून चालत यायला सांगा. काय दिसतं ते इथे लिहा, पुढचं मग बोलू.

त्रिकोण म्हणजे काय, तर दोन्ही रस्त्यांच्या कडा जिथे मिळतात तिथून दोन्हीकडे काही मीटर मोजायचे आणि ती टोकं जोडायची. अंतर रस्त्यावरच्या वेगाप्रमाणे बदलतं. त्या तुकड्यात खालून कमरेपर्यंतचं चालतं आणि डोक्याच्या बरंच वर गेलेला फांद्यांचा घेर चालतो. मधला पट्टा मोकळा लागतो, नजर तिथूनच जाते. म्हणून कोपऱ्याजवळ सरळ खोडाचं, खालच्या फांद्या काढलेलं झाड एखादवेळी पास होतं, पण दाट झुडूप होत नाही.

कोपऱ्यावरची:
आज सकाळी सहाला खुर्ची टाकली. शेजारचे बघत होते, बघू देत. आधी नवरा चालत आला. मला वाटलं होतं निदान डोकं तरी दिसेल, साडेपाच फुटांचा माणूस आहे. काही नाही! मेंदी संपली तिथे एकदम अख्खा समोर उगवला. मग धाकटी सायकलवरून आली. मला फक्त चाकाचा आवाज आला. ती दिसली तेव्हा माझ्यापासून खुर्चीच्या दोन पायांइतक्या अंतरावर होती.

मी उठले आणि खुर्ची आत नेली. त्या टोकाचं कुंपण उद्या छाटते. पण खिडकीचं काय?

जुना आराखडेवाला:
डोकंही दिसलं नाही कारण तुमचे डोळे कुंपणाच्या माथ्याखाली होते आणि कुंपण अगदी जवळ होतं. जवळची वस्तू लांबच्या माणसाला पुरती झाकते. आता हाच हिशेब खिडकीला लावा. आडोसा हद्दीवरच हवा असं कुणी सांगितलं? खिडकीपासून दीडदोन मीटरवर, तुमच्या आवारात, त्रिकोणाच्या बाहेर तीनचार टिकोमा किंवा उंच वाढणारी जास्वंद लावा. रस्त्यावरून येणारी नजर तिथेच अडते, आणि बैठकीत बसून तुम्हाला फुलं दिसतात. कोपऱ्यावर ठेंगणी एक्झोरा घ्या. जातीच मुळात बुटकी असली की दर महिन्याला कात्री घेऊन उभं राहावं लागत नाही. मेंदी ७५ सेंटीमीटरवर ठेवायची म्हणजे जन्मभराची नोकरी.

बोगनवेल टाकू नका. फुटपाथपासून आत, भिंतीवर चढवा.

निम्मा माळी:
चार झाडांबद्दल माझे दोन शब्द. २४ मीटरला चार म्हणजे सहा मीटरला एक, पण सारख्या अंतराचा हट्ट धरू नका. आधी वर बघा. विजेच्या तारा असतील तर खाली कांचनासारखं लहान झाड लावा, नाहीतर दरवर्षी कुणीतरी येऊन मधोमध खाच पाडून जाईल. मग खाली बघा. पिंपळ, उंबर, गुलमोहर फुटपाथला लागून कधीच नको. मुळं खोल जातात हा गैरसमज आहे. बहुतेक मुळं वरच्या दोन फुटांत, आडवी, घेराच्याही बाहेर पसरतात. फरशीखाली ओल टिकते, ती तिकडे वळतात आणि जाड होत फरशी उचलतात. माझ्या दारासमोरची फरशी मीच लावलेल्या गुलमोहराने उचलली, त्यामुळे तक्रार करायलाही तोंड नव्हतं.

खोडाभोवती मीटरभर माती उघडी ठेवा. पालापाचोळा पसरा, पण खोडाला टेकवून ढीग करू नका, साल कुजते.

आणि आवारात आधीचं मोठं झाड आहे का? बऱ्याचदा ते चारात मोजून घेतात.

कोपऱ्यावरची:
आहे की! कडुनिंब, खोड ४० सेंटीमीटर जाड. नवी भिंत मात्र त्याच्यापासून दीड मीटरवरून जाते.

जुना आराखडेवाला:
मग भिंतीचा सलग चर खणू नका. जपायचं क्षेत्र खोडाच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचं धरतात, म्हणजे तुमच्याकडे ४.८ मीटर. तेवढ्या टप्प्यात हाताने खणलेल्या सुट्या खड्ड्यांवर खांब आणि जमिनीच्या वरून बीम घ्या. जाड मूळ लागलं की खड्डा थोडा सरकवायचा. नकाशावर त्या झाडाभोवती वर्तुळ काढा, 'जतन' असं लिहा आणि उरलेल्या तिघांची नावं द्या. 'शोभेचं झाड' असं मोघम लिहिलंत की नकाशा परत येतो, मी स्वतः असे कितीतरी परत पाठवलेत.

कोपऱ्यावरची:
म्हणजे ते तुम्हीच होतात तर! बरं, कांचन दोन, तामण एक आणि कडुनिंब. तामण तारांपासून लांबच्या टोकाला. मेंदीच्या छाटलेल्या काड्या टाकवत नाहीत, मागच्या हद्दीला खोचते आहे. तिथे काही त्रिकोण नाही ना?

जुना आराखडेवाला:
मागे रस्ता नसेल तर नाही. खोचा.