पक स्क्रीन घेण्याआधी पूड नीट पसरवा

कडूगोड

घरी एस्प्रेसो करणाऱ्यांच्या गप्पांत हल्ली एक सल्ला सर्रास मिळतो. एस्प्रेसोचा शॉट वाकडातिकडा येतोय, बॉटमलेस पोर्टाफिल्टरमधून (बास्केट धरणाऱ्या, तळ उघडा असलेल्या दांडीतून) फवारे उडताहेत? मग पक स्क्रीन घ्या. मला हा सल्ला चुकीचा वाटतो.

नव्या लोकांसाठी थोडक्यात सांगतो. बास्केटमध्ये, म्हणजे तळाला भोकं असलेल्या छोट्या भांड्यात, पूड दाबून जी वडी तयार होते तो पक. त्याच्यावर ठेवायची स्टीलच्या जाळीची चकती म्हणजे पक स्क्रीन, बहुतेक वेळा १.७ मिमी जाडीची. ग्रुप हेडमधून, म्हणजे यंत्राच्या तोंडातून, येणारं पाणी ती सगळीकडे सारखं पसरवते आणि त्यामुळे चॅनेलिंग होत नाही, म्हणजे पाणी पकमधल्या एखाद्या कच्च्या जागेतून पळून जात नाही, असा दावा असतो.

आता यंत्रात काय होतं ते बघा. १८ ग्रॅम पूड, ९ बारच्या आसपास दाब, २५-३० सेकंदांत कपात ३६ ग्रॅम. पंप सुरू झाला की पकच्या वरची मोकळी जागा काही सेकंदांत पाण्याने भरते. ती भरली की पकच्या पृष्ठभागावर सगळीकडे दाब सारखाच असतो, मग पाणी मधोमध पडलं होतं की कडेला याला अर्थ राहत नाही. तिथून पुढे पाणी कुठून जाणार हे पकच ठरवतो. पुडीत गुठळी असेल, एका बाजूला पूड कमी असेल, कडेला फट असेल, तर पाणी तिथूनच जाणार. वर जाळी असली तरी आतली फट बुजत नाही.

म्हणून खर्च करायचाच तर खालच्या गोष्टींवर करा. अमेरिकेतल्या जॉन वाइस यांनी २००५ मध्ये सुईने पूड ढवळायची पद्धत मांडली. तीच आजची डब्ल्यूडीटी, म्हणजे वाइस डिस्ट्रिब्यूशन टेक्निक. तळ कापलेला दह्याचा डबा आणि एक सुई, एवढ्यावर त्यांचं काम भागलं होतं. आपल्याकडे कॉर्कच्या बुचात ॲक्युपंक्चरच्या चारपाच सुया खोचल्या की झालं. बास्केटच्या तळापर्यंत सुया नेऊन गुठळ्या मोडायच्या, मग वरचा थर सपाट करायचा, टॅम्पर (पूड दाबायचा ठोकळा) सरळ दाबायचा. एवढं करूनही फवारे उडत असतील तर ग्राइंडरकडे बघा. चकती सगळ्यात शेवटी.

पाथरवट

असहमत. दाबाचं गणित बरोबर आहे, पण तुम्ही ते जागा भरल्यानंतर सुरू करता. नुकसान त्याआधी होतं.

कोरड्या, सैल पृष्ठभागावर पाण्याची धार पडली की तिथली पूड उखडते. एक भाग भिजून फुगतो, शेजारचा कोरडाच असतो. तेवढ्यात दाब चढतो आणि जिथून पाणी आधी शिरलं तिथली वाट रुंद होत जाते. एकदा पडलेली वाट पुढच्या वीस सेकंदांत बुजत नाही, कारण बारीक कण वाहून गेलेले असतात. पहिल्या काही सेकंदांत पक सारखा भिजला तर ही वाट पडायची शक्यता कमी होते. प्री-इन्फ्युजनचं, म्हणजे पूर्ण दाबाआधी पूड भिजवण्याचं, अख्खं तत्त्व हेच आहे. १९६१ च्या फाएमा ई६१ या यंत्रापासून यंत्रं बनवणारे आधी हळू भिजवण्याची सोय देत आले, ते उगाच नाही.

शिवाय सगळ्यांकडे चांगली यंत्रं नाहीत. बऱ्याच घरगुती यंत्रांत व्हायब्रेटरी पंप असतो, प्री-इन्फ्युजन नसतं, आणि शॉवर स्क्रीन (यंत्राच्या तोंडाला बसवलेली जाळी) काढून पाहिली तर कित्येकदा मधल्या स्क्रूभोवतीच पाणी जोरात येताना दिसतं. अशा यंत्रावर चकतीचा फरक डोळ्यांना दिसतो. तळाशी पहिले थेंब एका बाजूला न येता सगळ्या भोकांतून जवळपास एकदम येतात.

दाक्षिणात्य फिल्टर कॉफीचं भांडं आठवा. वरच्या डब्यात पुडीवर भोकं असलेली, दांडीची चकती ठेवतात आणि मग उकळतं पाणी ओततात. पाणी पसरावं आणि पुडीत खड्डा पडू नये म्हणूनच ती असते.

कडूगोड

पाथरवट, फिल्टरच्या भांड्यात पाणी स्वतःच्या वजनाने झिरपतं. तिथे दाब नाही, आणि वरून ओतलेलं पाणी पडतं तिथे खड्डा करतंच. त्या चकतीला मी हात लावणार नाही. एस्प्रेसोच्या बंद कक्षात परिस्थिती निराळी आहे.

धारेने पूड उखडते हे मान्य. पण तो दोष शॉवर स्क्रीनचा आहे. ती स्क्रू काढून घासता येते, बहुतेक यंत्रांना चांगल्या जाळीची बदली स्क्रीन मिळते. एकदा बसवली की रोज पकवर काही ठेवा आणि रोज काढा ही कटकट नाही.

मीनल_ठाणे

मध्येच विचारते. माझ्याकडे ५१ मिमीचं छोटं यंत्र आहे, त्यासोबत दुहेरी तळाची बास्केट आली आहे, बाहेरून एकच बारीक भोक दिसतं. स्क्रीन घेऊ की सुया?

कडूगोड

मीनलताई, सध्या दोन्ही नको. या बास्केटमध्ये दाब ते एक भोक तयार करतं, पकचा वाटा कमी. क्रेमासारखा (एस्प्रेसोवरच्या तपकिरी सायीसारखा) दिसणारा फेसही त्या भोकातूनच येतो, त्यामुळे पूड कशीही पसरली तरी वरून कळत नाही. आधी ५१ मिमीची साधी, एका तळाची बास्केट घ्या. मात्र तिला बारीक दळणारा ग्राइंडर लागेल. दुकानातून दळून आणलेली पूड बहुतेकदा तिच्यातून भसकन वाहून जाते.

पाथरवट

यावर पूर्ण सहमत. दुहेरी तळ असेल तर चकतीवर एक रुपयाही घालू नका.

काउंटरपलीकडून

पुण्यात एका कॅफेत काम करते, त्या बाजूने लिहिते. आमच्याकडे चकती वापरत नाहीत आणि वापरता येणारही नाही. सकाळच्या गर्दीत प्रत्येक शॉटनंतर तापलेली चकती पकमधून काढा, धुवा, पुसा, परत ठेवा, हे शक्यच नाही. नॉक बॉक्समध्ये (वापरलेला पक झटकायच्या डब्यात) ती पकसोबत फेकली जाते ते वेगळंच.

पण घरच्या वापराला तिचा एक फायदा आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही: स्वच्छता. थ्री-वे व्हॉल्व्हच्या यंत्रात शॉट थांबला की वरचा दाब उलटा सुटतो आणि पूड ग्रुपमध्ये वर ओढली जाते. चकती असली की ती पूड चकतीखालीच अडते, शॉवर स्क्रीन कितीतरी जास्त दिवस साफ राहते. घरी रोज बॅकफ्लश, म्हणजे ग्रुपमध्ये उलटं पाणी सोडून सफाई, कोण करतं? मात्र चकतीच्या जाळीत तेल साचतं. आठवड्याला ती क्लीनिंग पावडरच्या गरम पाण्यात बुडवली नाही तर खवट वास कपात उतरतो.

आणि ते पूड पसरवायचे, पाकळ्यांचे फिरवायचे डिस्ट्रिब्यूटर! २०१५ चा जागतिक बारिस्ता विजेता साशा सेस्टिच याच्या ओना कॉफीचं ओसीडी नावाचं डिस्ट्रिब्यूटर आल्यावर ते सगळीकडे पसरले. दिसायला सुंदर, पण वरचे काही मिलिमीटरच सपाट होतात. खालच्या गुठळीला ते पोचत नाहीत. सुया त्याहून स्वस्त आणि जास्त कामाच्या. इथे मी कडूगोड यांच्या बाजूने.

चौकस

दोन्ही बाजूंनी एक गोष्ट सोडली आहे, ती म्हणजे उष्णता. १.७ मिमीची ५८ मिमी चकती साधारण २५ ग्रॅमची धरा. खोलीच्या तापमानावरून ९३ अंशांवर न्यायला तिला ८०० ज्यूलच्या आसपास उष्णता लागते. ती येते शॉटच्याच पाण्यातून. एकूण ६० ग्रॅम पाणी धरलं तर सरासरी ३ अंशांची घट. पण सगळा भुर्दंड सुरुवातीच्या पाण्यावर पडतो, त्यामुळे पकला पहिलं भेटणारं पाणी याहून बरंच थंड असतं. हलक्या भाजणीच्या कॉफीत हे आंबटपणात कळेल.

दुसरं, चकती जागा खाते. तोच डोस, म्हणजे तेवढीच पूड, ठेवला तर पक फुगून ती वर शॉवर स्क्रीनला टेकते. म्हणजे डोस थोडा कमी करावा लागतो, आणि मग बदल चकतीने झाला की डोसने, हे कळायला मार्ग उरत नाही.

त्यापेक्षा तळाशी कागद घालून बघा. एरोप्रेसचा गाळणकागद बास्केटच्या मापाने कापायचा, ओला करून तळाला चिकटवायचा, वर पूड. बारीक कण भोकांत अडकत नाहीत, प्रवाह मोकळा होतो, म्हणून आणखी बारीक दळता येतं. पाणी वरून कसं शिरतं यावरच सगळे भांडताहेत, पण ते खालून कसं बाहेर पडतं यावरही सारखेपणा अवलंबून आहे.

आणि गुठळ्या मुळात होऊच नयेत म्हणून दळण्याआधी बियांवर पाण्याचे दोनचार थेंब शिंपडा. ओरेगन विद्यापीठाच्या क्रिस्टोफर हेन्डन यांच्या गटाने २०२३ मध्ये ‘मॅटर’ या नियतकालिकात दाखवलं की बियांतला ओलावा वाढला की दळताना तयार होणारा विद्युतभार घटतो, आणि त्यासोबत गुठळ्याही. पुण्या-नागपूरच्या कोरड्या हिवाळ्यात ग्राइंडरच्या तोंडाला पूड चिकटून बसते, तेव्हा हे जास्त कामाला येतं.

पाथरवट

उष्णतेचा मुद्दा खरा आहे, पण त्याला साधा उपाय आहे. चकती यंत्रावर कपांसोबत तापत ठेवा, किंवा गरम पाण्यातून काढून कोरडी पुसून ठेवा. ओली ठेवू नका, पकचा वरचा थर ठिकठिकाणी भिजतो आणि मग जे टाळायचं तेच होतं.

कागदाला माझा विरोध आहे तो चवीसाठी. तो तेलाचा काही भाग अडवतो, एस्प्रेसोचा जाडपणा उतरतो. आपल्या कुर्गचा रोबस्टा घातलेलं मिश्रण पिणाऱ्याला तो जाडपणाच हवा असतो. चकती वर असते, कपात येणारं काही अडवत नाही.

कडूगोड

जाडपणाबद्दल सहमत, दुधाच्या कॉफीत तर तो हवाच. पण २०२० मध्ये ‘मॅटर’मध्येच आलेला, हेन्डन यांचाही सहभाग असलेला अभ्यास बघा. एका मर्यादेपलीकडे बारीक दळलं की उतारा, म्हणजे पुडीतून पाण्यात उतरणारा भाग, वाढायच्या ऐवजी घटतो, कारण प्रवाह असमान होतो. त्यांनी थोडं जाड दळून २० ऐवजी १५ ग्रॅम पूड वापरायला सुचवलं. म्हणजे असमान प्रवाहावर त्यांनी शोधलेला उपाय दळण आणि डोसातला होता. जोडवस्तू नव्हती. फवारे उडणाऱ्याला मी आधी हेच सांगेन: एक पायरी जाड दळा.

चौकस

मग दोघांनी एकदा नीट तपासा. बिया त्याच, ग्राइंडर तोच, डोस दोन्हीकडे चकतीला परवडेल इतकाच, म्हणजे १८ च्या बास्केटमध्ये १७ वगैरे. चकती तापवून कोरडी केलेली. सुया दोन्हीकडे. कपातलं वजन सारखं. रिफ्रॅक्टोमीटर (कपात विरघळलेली कॉफी किती टक्के ते मोजणारं उपकरण) असेल तर नमुना गाळून घ्या, तरंगणारे कण आकडा बिघडवतात. त्यात १० टक्के आलं आणि कपात ३४ ग्रॅम असेल तर ३.४ भागिले १७, उतारा २० टक्के. एकाच शॉटवर निकाल नको, जोडीजोडीने करा, आणि चाखणाऱ्याला कुठला कप कुठला ते सांगू नका.

पाथरवट

तयार आहे. पण हे प्री-इन्फ्युजन नसलेल्या यंत्रावरच व्हायला हवं. माझा दावा तिथलाच आहे.

कडूगोड

मान्य. माझी एकच अट, शॉवर स्क्रीन आधी काढून घासलेली हवी.