अवयवदानाचा फॉर्म भरला म्हणजे झालं, असं नाही

अवयवदानाच्या चर्चेत एकांनी लिहिलंय की आपल्याकडे अंधश्रद्धेमुळे अवयव मिळत नाहीत. थोडं खरं आहे, पण सगळा दोष लोकांच्या माथी नको.

घरी वारलेल्या माणसाचे डोळे सहा तासांच्या आत घेता येतात. हृदय, यकृत मात्र बहुतेक करून मेंदू मृत झालेल्या आणि व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णाचंच. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे मेंदू मृत झाल्याचं ठरवायला चार डॉक्टर लागतात, किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासणी. म्हणजे हायवेवर अपघात झालेला माणूस आधी आयसीयूपर्यंत पोचायला हवा. इकडं कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या जंगलाकडच्या गावांतून ते किती जमतं, तुम्हीच सांगा.

२०२३ मध्ये देशात १८ हजारांवर प्रत्यारोपणं झाली, मृत दाते अकराशेच्या घरात. बाकी भार जिवंतपणी अवयव देणाऱ्या घरच्यांवर, त्यातही बायकांवर. आई नाहीतर बायको किडनी देते, घेणारा बहुतेक वेळा पुरुष. यावर कुणी बोलत नाही.

आमचे काका गेले त्या वेळी अवयवदानाच्या संमतीचा कागद कन्नड आणि इंग्रजीत होता. काकूंना वाचता येतं ते मराठीच. "आधी काय लिवलंय ते तरी सांगा की," एवढंच त्या म्हणत राहिल्या. समजावणारं कुणी येईपर्यंत वेळ गेली. काकांचं दातृकार्ड (अवयव द्यायची इच्छा लिहिलेलं कार्ड) पाकिटातच राहिलं. कार्ड असलं तरी शेवटी घरच्यांना विचारतातच, तेव्हा आज जेवताना घरात बोलून ठेवा.

निपाणीच्या ताईंनी अवयवासाठी महाराष्ट्रात नाव घालण्याबद्दल विचारलंय, त्यांच्यासाठी: केंद्रानं २०२३ मध्ये नाव नोंदवायला लागणाऱ्या रहिवासी दाखल्याची अट काढायला राज्यांना सांगितलंय. कोल्हापूर-पुण्याकडं नाव घालायचं असेल तर तिथल्या हॉस्पिटलातल्या प्रत्यारोपण समन्वयकाला हे आधी विचारा.