सिवेज, सलेज आणि सांडपाणी

खडूफळा: पॉलिटेक्निकला सिव्हिलच्या मुलांना पर्यावरण अभियांत्रिकी शिकवतो. बरीच मुलं मराठी माध्यमातली, म्हणून टिपणं मराठीत काढतोय. सिवेजला, म्हणजे संडासासकट सगळ्या घाण पाण्याला, 'सांडपाणी' लिहिलं. दोन पानांनंतर सलेज, म्हणजे फक्त न्हाणीघर-स्वयंपाकघराचं पाणी, आलं, तिथेही हात 'सांडपाणी'च लिहून गेला. परवा वह्या तपासताना एका मुलीची आकृती पाहिली. टू पाइप पद्धतीत, म्हणजे संडासाची आणि बाकी पाण्याची पाइप वेगळी असते तिथे, संडासाची सॉइल पाइप तिनं गली ट्रॅपमध्ये (गटाराचा वास अडवणाऱ्या पाण्याच्या सापळ्यात) सोडली होती. ती सरळ चेंबरला जायला हवी, गली ट्रॅपला येते ती फक्त न्हाणीघर-स्वयंपाकघराची वेस्ट पाइप. विचारलं तर म्हणाली, "सर, तुम्हीच लिहून दिलंय ना, सांडपाणी गली ट्रॅपला." चूक तिची नाही, माझ्या शब्दाची आहे. दोन वेगळे शब्द सुचवा.

नदीकाठ: सिवेज म्हणजे मैलापाणी. पुण्यात 'मैलापाणी शुद्धीकरण केंद्र' असंच म्हणतात. सांडपाणी सलेजला ठेवा.

साइटवाला: इतकं सोपं नाही. पेपरात 'सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प' येतो तेव्हा ते शहरातलं सगळं पाणी असतं, संडासासकट. ग्रामपंचायतीच्या 'घनकचरा व सांडपाणी व्यवस्थापना'त मात्र फक्त अंघोळीचं, भांड्यांचं, धुण्याचं. त्यासाठीच शोषखड्डे काढतात. शब्द एकच, पण वेस ओलांडली की अर्थ बदलतो. मुंबईत तर खातंच 'मलनिःसारण'.

शब्दवेल्हाळ: मुळात जाऊ या. जुन्या मराठीत सांडणे म्हणजे टाकून देणे, सोडणे. संस्कृत छर्द्, प्राकृत छड्ड, मराठीत छ चा स झाला, जसा छुरीचा सुरी. म्हणजे वापरून टाकलं ते सगळंच सांडपाणी, त्यात संडासाचंही आलं. धरणाचा सांडवा त्याच घरातला. सांडशीसुद्धा.

नदीकाठ: सांडशी नाही हो! ती संदंशावरून. सांडशी धरते, सांडत नाही.

शब्दवेल्हाळ: मान्य. सांडशी मागे घेतो, बाकी व्युत्पत्ती नाही.

माडाखाली: आमच्या कोकणात आजी त्या पाण्याला कधी सांडपाणी म्हणाली नाही. न्हाणीचं पाणी म्हणायची. न्हाणीच्या मागे दगडी पन्हळ होती, तिथून ते अळवात, अळवातून केळीच्या बुडाशी. सांडलं म्हणजे वाया गेलं. हे पाणी वाया कुठे जायचं?

साइटवाला: न्हाणी तर इंजिनिअरिंगच्या इंग्रजी पुस्तकांतही आहे! नहाणी ट्रॅप. परराज्यातले इंजिनिअरही फ्लोअर ट्रॅपला, म्हणजे न्हाणीच्या जमिनीतल्या जाळीखालच्या सापळ्याला, तेच म्हणतात. आपला शब्द तिकडे रुजलाय आणि आपण इथे नवा शोधतोय.

घाटावरची: आमच्याकडे न्हाणी नाही, मोरी. भांडीही मोरीतच घासतात, म्हणजे स्वयंपाकघरही आलं. 'मोरीचं पाणी' म्हणा.

साइटवाला: बांधकाम खात्यात मोरी म्हणजे रस्त्याखालून पाणी जायचा कल्व्हर्ट. तोच मुलगा पुढच्या तासाला रस्ते शिकतो. त्याला मोरीचं पाणी म्हणजे पावसाचं वाटेल.

निर्मळ: प्रमाण परिभाषा का नको? सिवेजला मलजल आणि सलेजला धूसरजल. रेखीव शब्द आहेत, समासही होतात.

घाटावरची: जल तांब्यात बरं. गटारात वाहतं ते पाणी. धूसरजल कोणत्या प्लंबरला कळेल?

निर्मळ: प्लंबरला कळत नाही म्हणून भाषा वाढवायचीच नाही का? महापौर हा शब्दही कुणीतरी घडवलेलाच होता.

उतारा: मला 'मैला' खटकतो. या शब्दाबरोबर डोक्यावरून वाहिलेली टोपली येते. हातानं मैला वाहण्याविरुद्ध 1993 ला कायदा झाला, 2013 ला पुन्हा करावा लागला, तरी गटारात माणसं गुदमरून जातात. पाठ्यपुस्तकात तो सहज लिहवत नाही.

नदीकाठ: शब्द पुसला म्हणून ते थांबणार नाही. उलट त्या शब्दानंच ते डोळ्यांसमोर राहतं.

खडूफळा: माझी अडचण वेगळी आहे. सिवेजमध्ये 99 टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. मैलापाणी म्हटलं की मुलांना दाट काहीतरी वाटतं, मग 'हे पाइपमधून उताराने वाहतं कसं' असं विचारतात. माणशी रोज 135 लिटर पुरवठा धरला तर त्यातला साधारण 80 टक्के सिवेज होतो, हे गणित पटतच नाही त्यांना. आणि सलेजचं राहिलंच. सोमवारी तास आहे.

माडाखाली: सोमवारपर्यंत 'न्हाणीचं पाणी' लिहा. एक विचारायचं होतं. केळीच्या बुडाशी ते पाणी जिरतं म्हणायचं की मुरतं? आम्ही मुरतं म्हणतो.

साइटवाला: जिरतं. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ऐकलं नाहीत?

शब्दवेल्हाळ: मुरतं ते लोणचं. पण 'कुठेतरी पाणी मुरतंय' हेही आहेच की. थांबा, यात खरा फरक आहे...