प्लेटिंगच्या जुन्या गाळ्यात मसाले दळायचे का?

सुजाता_मसाले
अंबरनाथ एमआयडीसीत एक गाळा बघितलाय. आधी क्रोम प्लेटिंग चालायचं, सहा वर्षं बंद आहे. भाडं आजूबाजूच्या मानाने फारच कमी. एजंट म्हणतो, "फरशी टाका, रंग मारा, कामाला लागा." पाऊस संपल्यावर पुन्हा गेले तर जोत्यालगत गिलाव्यावर हळदीसारखी पिवळी पूड फुललेली. बोट लावणार, तेवढ्यात ह्यांनी हात धरला. मागच्या बोअरचं पाणी मात्र नितळ आहे. घ्यावा का?

जुना_प्लेटर
ताई, ह्यांना माझा नमस्कार सांगा. ती पूड क्रोमेटची, म्हणजे क्रोमियमच्या विषारी क्षाराची. बावीस वर्षं टाक्यांवर काढलीत मी. वाफेने नाकाच्या पडद्याला भोक पडलेले दोघे सोबती पाहिले. टाकीतलं सांडलेलं, झिरपलेलं फरशीच्या सांध्यांतून खाली मुरतं. नंतर ओल भिंतीत चढते, पाणी उडून जातं आणि क्षार बाहेर येतो. वर नवी फरशी घातलीत तर झाकला जाईल, जाणार नाही. आणि नितळ पाण्यावर जाऊ नका. पिण्याच्या पाण्यात क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम, एवढ्याने पाण्याला रंग येत नाही.

सुजाता_मसाले
एजंट म्हणतो हिराकस शिंपडलं की विष मरतं. खरं का काका?

जुना_प्लेटर
अर्धं खरं. सांडपाण्याला आम्हीही तेच करायचो. हिराकसाने (फेरस सल्फेट) हेक्झाव्हॅलंट, म्हणजे विषारी रूपातल्या क्रोमियमचं ट्रायव्हॅलंट रूप होतं, ते कमी विषारी, पाण्यात फारसं विरघळत नाही. पण टाकीत ढवळणं वेगळं, जमिनीत दोन मीटर खाली पोचवणं वेगळं. वरून शिंपडून तिथे काय पोचणार?

माती_तपासनीस
आधी बोअरचं पाणी आणि वेगवेगळ्या खोलीची माती तपासून घ्या. एकूण क्रोमियम आणि हेक्झाव्हॅलंट, दोन्ही आकडे मागा. पाण्याचा नमुना बर्फाच्या डब्यातून चोवीस तासांत लॅबला पोचवा. खोदलेली माती घातक कचरा निघाली तर ती तळोज्यासारख्या अधिकृत केंद्रातच जाते. डंपर बोलावून नाल्यावर टाकता येत नाही. केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित जागांचे नियम काढलेत, सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्याने द्यायचा. पण वेळ किती जातो बघा: भोपाळच्या १९८४ च्या वायुदुर्घटनेच्या कारखान्यातला ३३७ टन कचरा विल्हेवाटीसाठी पीथमपूरला हलायला २०२५ चा जानेवारी उजाडला. माझं विचाराल तर खाण्याच्या मालासाठी ही जागा नको.

सुजाता_मसाले
एजंटला पुडीचा फोटो पाठवला. उत्तर आलं: "मॅडम, दोन हजार अजून कमी करतो."