चिनी सणाला कुणाकडे जेवलात? अनुभव लिहा

परवा ऑफिसात मूनकेकचा, म्हणजे चिनी सणाला खातात त्या सारणभरल्या केकचा डबा आला. सुरीने कापला तर आत खारवलेल्या बदकाच्या अंड्याचा पिवळाधमक बलक. निम्मी मंडळी 'आलेच हं' म्हणत जी जागेवर गेली ती परत फिरकलीच नाहीत. मी मात्र तीन तुकडे खाल्ले. तेव्हापासून वाटतंय, आपल्यातले कितीतरी जण शिकायला, नोकरीला, मालाच्या खरेदीला तिकडे जातात. सणाला कुणी घरी बोलावलं असेलच की! काय वाढलं, काय फसलं, ते लिहा.

गाडीवरचं मंचुरियन मोजायचं नाही. 'तिकडे काहीही खातात' छापाचं ऐकीवही नको. आपल्या ताटात पडलं तेवढंच लिहा.

लातूरचा डॉक्टर

मी त्येनजिनला एमबीबीएस केलं. चिनी नवं वर्ष आलं की अख्खं गाव आपापल्या घरी जातं. कॅन्टीन बंद, टपऱ्या बंद, हॉस्टेलात आम्ही पाच-सहा भारतीय आणि मॅगीचं खोकं. ४ फेब्रुवारी २०१९, म्हणजे त्यांची वर्षाची शेवटची रात्र. हॉस्टेल सांभाळणाऱ्या बाई होत्या. मावशी-काकूच्या वयाच्या बाईला तिकडे 'आयी' म्हणतात. पहिल्या वर्षी घरी फोनवर बोलताना मी 'थांब, आयी ओरडतेय' म्हणालो तर इकडची आई म्हणे, मी कुठं ओरडले?

तर आयीने आम्हाला खाली तिच्या खोलीत बोलावलं. टेबलावर कणकेसारखी मळलेली मैद्याची गोळी, बोटाएवढं बारकं लाटणं आणि पातेलंभर सारण. ज्याओझ करायचे होते. ती लाटी डाव्या हाताने फिरवत उजव्या हाताने लाटायची, कडा पातळ आणि मध्ये जाड. मी पारी घेतली, सारण भरलं आणि सवयीने करंजीसारखी मुरड घातली. दिवाळीत आईशेजारी बसून शिकलो होतो, मुलगी नाही म्हणून ते काम माझ्याकडे. आयीने ती करंजी उचलली, उलटीपालटी करून बघितली आणि दारावरच्या रखवालदाराला हाक मारून दाखवली. मग माझं प्रमोशन झालं, बाकीचे नुसते लाट्या करत बसले.

उकळत्या पाण्यात सोडले की उकळी येईल तसं गार पाणी घालायचं, असं तीनदा. बरोबर व्हिनेगरमध्ये मुरलेला लसूण. तो हिरवागार होतो, पाचूसारखा! मला वाटलं खराब झाला. त्यांच्या बाराव्या महिन्याच्या अष्टमीला घालून ठेवतात, नव्या वर्षापर्यंत तयार.

आणि खरी गंमत दुसऱ्या दिवशी. त्येनजिनकडे वर्षाच्या पहिल्या दिवशी शाकाहारी ज्याओझ खायची रीत आहे, वर्ष शांत जावं म्हणून. टोफू, मोड आलेले मूग, शेवया. आमच्यातला एक शुद्ध शाकाहारी होता, आदल्या रात्री नुसता लसूण चघळत बसला होता. त्याने त्या दिवशी छत्तीस खाल्ले. आम्ही मोजले.

बंदरवाला

निंगबो. कामानिमित्त दोन वर्षं. पहिल्या महिन्याच्या पौर्णिमेला त्यांचा कंदिलांचा सण असतो. त्या वर्षी तो नेमका १९ फेब्रुवारीला आला, मोबाईलवर इकडून शिवजयंतीचे फोटो धडाधड येत होते. सहकाऱ्याच्या आईने थांगयुआन केले होते. चिकट तांदळाच्या पिठीचे, लिंबाएवढे पांढरे गोळे, गरम पाण्यात तरंगणारे. चावला की आतून काळ्या तिळाचं गोड सारण वाहतं. उकडीच्या मोदकात कुणी तिळगूळ भरावा तसं. मी नऊ खाल्ले. त्याची आई खूश. मीही खूश, म्हणून रेसिपी विचारली. मोबाईलवर भाषांतर आलं: काळे तीळ, साखर, डुकराची चरबी.

आमच्या घरात तीन पिढ्या माळकरी. आईला अजून सांगितलेलं नाही.

चहाटळ

@बंदरवाला, म्हणूनच वाहत होतं हो सारण! मी सुपरमार्केटमधून आणते तेव्हा पाकिटावर 'जू-यौ' आहे का ते कुणाकडून तरी वाचून घेते. तीच ती चरबी. नसलेलीही मिळतात, पण खरं सांगू? ती जरा कोरडी लागतात.

मालवणी पोर

ग्वांगतोंगच्या किनाऱ्यावर, मित्राच्या गावी. नव्या वर्षाचं जेवण. मधोमध अख्खा वाफवलेला मासा, आलं-पात आणि वरून कडकडीत तेल. वरची बाजू संपली. आम्ही मालवणचे, माशाला दुसरी बाजू असते हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. मी पटकन उलटा केला. टेबल गप्प.

घर मासेमाऱ्यांचं होतं. मासा उलटला की होडी उलटते. काटा अलगद उचलून खालचं खायचं असतं. आजोबांनी चॉपस्टिकने मासा होता तसा केला, काही बोलले नाहीत, माझ्या वाटीत गालाचं मांस वाढलं. मग मी भीत भीत बाकीचा संपवायला घेतला तर तेही चुकलं. मासा म्हणजे 'यू', आणि शिल्लक म्हणजेही 'यू', म्हणून त्या रात्री तो थोडा उरवायचाच!

विसर्जनवाली

आम्ही शांघायला. २०२४ मध्ये त्यांचा मध्य-शरदाचा सण आणि आपली अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, १७ सप्टेंबरला. आदल्या दिवशी सकाळी बेबिंका वादळ शहरावर येऊन आदळलं होतं, त्यामुळे बाल्कनीतल्या कुंड्या आडव्या आणि आम्ही बादलीत विसर्जनाची तयारी करतोय. तेवढ्यात शेजारच्या आजी मूनकेक घेऊन आल्या. शांघायला गरमागरम, पापुद्र्यांचे, आत डुकराच्या खिम्याचं सारण असलेले मिळतात, दुकानांपुढे ही रांग! आजींनी मखर बघितलं, मूर्ती बघितली, पिशवी पाठीमागे लपवली आणि परत गेल्या. पाच मिनिटांत लाल चवळीच्या गोड सारणाचे घेऊन हजर. बुद्धाला मांस चालत नाही, ह्यालाही चालत नसणार, असा हिशेब. कुणी सांगितलं नव्हतं.

दहा दिवस पूजा करून देवाला पाण्यात का बुडवता, हे मात्र त्यांना काही पटवता आलं नाही. रात्री त्यांच्याकडे पोमेलो सोलून खाल्लं आणि चंद्र ढगांतून निघायची वाट बघत बसलो. चतुर्थीला ज्याच्याकडे मान वर करायची बंदी, त्याच्यासाठीच दहा दिवसांनी माना दुखेपर्यंत वर!

पानवाला

थोडक्यात लिहितो. नाववल्हवणीच्या सणाला झोंग्झ देतात, पानात बांधून उकडलेला चिकट भात. मी पानासकट चावला. विडा खाणारी माणसं आपण. सगळे बघत राहिले, मी चावत राहिलो.

धागाकर्ती

@पानवाला 😂 आमच्या पातोळ्या एका पाहुण्याने हळदीच्या पानासकट खाल्ल्या होत्या, फिटंफाट.

@लातूरचा डॉक्टर, एका ज्याओझमध्ये नाणं घालतात असं ऐकलंय. होतं का?

लातूरचा डॉक्टर

होतं. ज्याला येईल त्याचं वर्ष चांगलं. आमच्या वेळी रखवालदाराला आलं. कट्टकन आवाज झाला, तो गाल धरून उभा राहिला आणि आयी टाळ्या वाजवतेय. दाढेचा टवका उडाला होता. दवाखाने सगळे सुट्टीवर, त्यामुळे आम्ही पाच भावी डॉक्टर मोबाईलची बॅटरी लावून त्याच्या तोंडात बघत बसलो.