पारंपरिक धनुष्यासाठी जड बाण : गरज की हौस?

वेळू_आणि_पीस (सातारा)

फलटण तालुक्यातील सरडे गावचे प्रवीण जाधव टोकियो आणि पॅरिस अशा दोन ऑलिंपिकमध्ये उतरले, २०२३ मध्ये बर्लिनला अदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षी कंपाउंड (चाके आणि तारा असलेल्या धनुष्याच्या) प्रकारात जगज्जेती झाली, आणि आपल्या जिल्ह्यातील मैदानांवर मुलांची गर्दी वाढली, ही आनंदाचीच गोष्ट आहे. तिचा एक आनुषंगिक परिणाम मात्र मला खटकतो. या खेळाडूंच्या हातातील पेन्सिलीपेक्षा बारीक कार्बनचे बाण पाहून बांबूचे किंवा लाकडी धनुष्य वापरणारे नवशिकेही तसेच हलके बाण मागू लागले आहेत.

माझे म्हणणे असे की पारंपरिक धनुष्याला बाण जडच असावा. धनुष्याच्या ताणाच्या प्रत्येक पाउंडामागे बाणाचे वजन किती ग्रेन भरते, हे मोजण्याची रीत आहे आणि एका ग्रॅममध्ये सुमारे १५.४३ ग्रेन असतात. कंपाउंडमध्ये हे प्रमाण पाचापर्यंत खाली नेले जाते. फायबर ग्लासचे थर असलेल्या रिकर्व्हला (टोके पुढे वळलेल्या धनुष्याला) आठ-नऊ चालेल. निव्वळ बांबूच्या किंवा लाकडाच्या धनुष्याला मात्र मी दहाच्या खाली जाऊ देणार नाही. म्हणजे ४० पाउंडांच्या धनुष्याला निदान ४०० ग्रेनचा, सुमारे २६ ग्रॅमचा बाण हवा. हा ताण धनुष्यावर लिहिलेला नव्हे, तर आपल्या हाताच्या खेचीवर काट्याने मोजलेला धरावा.

कारण साधे आहे. दोरी सुटते तेव्हा धनुष्याच्या भुजांत साठलेल्या ऊर्जेचा मोठा वाटा जड बाण स्वतःबरोबर घेऊन जातो. हलका बाण लवकर निसटतो आणि उरलेली ऊर्जा भुजांत, दोरीत, नॉकच्या (बाणाच्या शेपटीला दोरी अडकते त्या) खाचेत आणि आपल्या मनगटात धक्का होऊन राहते. बाण न लावता दोरी सोडायची नाही, हे आपण पहिल्याच दिवशी शिकवतो. फार हलका बाण लावणे म्हणजे त्याच चुकीच्या निम्म्या वाटेवर जाणे होय.

परदेशी चर्चांमध्ये ६५० ग्रेनसारखे आकडे दिसतात, त्यांच्या मागे मात्र कोणी लागू नये. ते मोठ्या जनावराच्या शिकारीचे आकडे आहेत. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो विषय उरलेला नाही, आणि गवताच्या बटात (नेम धरायच्या लक्ष्यात) घुसण्यासाठी एवढे वजन कशाला हवे?

माणदेशी_नेम (दहिवडी)

आपला मुद्दा धनुष्याच्या आयुष्यापुरता मान्य आहे, परंतु बाण मारणाऱ्याचा विचार त्यात कुठे दिसत नाही. इंडियन राउंडमध्ये (साध्या बांबूच्या धनुष्यांच्या स्पर्धाप्रकारात) खेळणारी आमची मुले तीस पाउंडांच्या आसपासची बांबूची धनुष्ये वापरतात आणि त्यांना ३० व ५० मीटरवर नेम धरायचा असतो. अशा धनुष्यातून दहाच्या प्रमाणातला बाण सेकंदाला १३० फुटांच्या वेगाने निघाला असे धरले, तर ५० मीटर गाठायला त्याला सव्वा सेकंद लागतो आणि तेवढ्या वेळात तो सुमारे पंचवीस फूट खाली येतो. याचा अर्थ मुलाने बटाच्या पुष्कळ वर, कशावर तरी नेम धरायचा. आणि उघड्या मैदानावर बटाच्या वर असते ते फक्त आकाश.

साइट (नेम धरायची खूण) नसलेल्या धनुष्यावर बाणाचे टोक हेच नेमाचे साधन असते. टोक थेट बटाच्या मध्यावर ठेवून बाण मध्यात लागतो ते अंतर जितके लांब, तितके मुलाचे काम सोपे. जड बाण हे अंतर जवळ आणतो. म्हणून मी मुलांना सात-साडेसातच्या प्रमाणातले बाण देतो आणि देत राहणार आहे. धनुष्य दोन वर्षे कमी टिकले तर दुसरे करता येईल, पण बाण जमिनीत घुसताना पाहून मैदान सोडलेले पोर परत येत नाही.

कोनमापक (सांगली)

दोन्ही बाजूंचे वाचून थोडा हिशेब मांडतो. हवेचा रोध सोडून देऊ. एकाच ४५ पाउंडांच्या रिकर्व्हमधून सातच्या प्रमाणातला बाण १८० फूट वेगाने आणि दहाच्या प्रमाणातला १५५ फूट वेगाने निघतो असे समजा. हे माप नाही, बऱ्यापैकी वास्तव वाटणारे गृहीत आहे. ३० मीटरवर हलका बाण सुमारे पावणेपाच फूट पडतो, जड बाण साडेसहा फूट. हा पावणेदोन फुटांचा फरक ऐकायला मोठा वाटतो, परंतु तो नेहमीचाच असल्यामुळे सरावाने नेमात मुरून जातो.

खरा प्रश्न अंतराचा अंदाज चुकल्यावर काय होते, हा आहे. नेम ३० मीटरचा धरला आणि बट प्रत्यक्षात ३३ मीटरवर निघाले, तर हलका बाण मध्यापासून साधारण साडेसहा इंच खाली लागेल आणि जड बाण साडेआठ इंच. जड बाणाचा दंड एवढाच, दोन इंच. न मोजलेल्या अंतरावर बाण मारणाऱ्यांनी एवढ्यासाठी धनुष्य धोक्यात घालू नये, असे माझे मत आहे.

दहिवडीकरांचा ५० मीटरचा मुद्दा मात्र या हिशेबाने खोडला जात नाही. तिथे अडचण चुकलेल्या अंदाजाची नसून नेम कुठे धरायचा याची आहे, आणि कमी पाउंडांच्या धनुष्याला ती खरोखरच भेडसावते.

वेळू_आणि_पीस (सातारा)

५० मीटरच्या स्पर्धेपुरते मी आपले म्हणणे मान्य करतो. मी लिहिले ते मुख्यतः मोठ्यांच्या, पस्तीस पाउंडांपुढच्या धनुष्यांबद्दल होते. तरीही बांबूच्या धनुष्यावर सातचे प्रमाण मला धाडसाचे वाटते, आणि अशा धनुष्याच्या भुजा दर वेळी डोळ्यांनी तपासल्याशिवाय ते मुलाच्या हाती देऊ नये.

आता घडणीकडे येतो, कारण पुष्कळ जण बाण जड करायचा म्हणजे टोकाला पितळ चढवायचे असे समजतात. टोक जड झाले की सुटण्याच्या क्षणी बाण अधिक वाकतो आणि प्रत्यक्षात मऊ पडतो. लाकडी बाणांसाठी रूढ ठोकताळा असा की टोक १२५ ग्रेनच्या पुढे गेले तर प्रत्येक २५ ग्रेनमागे, आणि बाण २८ इंचांपेक्षा लांब असला तर प्रत्येक इंचामागे, काडीचा, म्हणजे बाणाच्या दांड्याचा, स्पाइन (ताठपणाचे माप) साधारण पाच पाउंडांनी वाढवावा. आपल्या साध्या धनुष्यांची मूठ बाणासाठी मध्यापर्यंत कापलेली नसल्यामुळे बाणाला मुठीला वळसा घालून जावे लागते. काडी फार ताठ असली तर तिला तो वळसा जमत नाही, फार मऊ असली तर ती भलतीकडे फटकारते. म्हणून वजन आधी काडीतच शोधावे. घट्ट रेषांचे लाकूड घ्यावे, किंवा आतून जवळजवळ भरीव असा बांबू घेऊन त्याचा बुंध्याकडचा जाड भाग पुढे ठेवावा, म्हणजे वेगळे पितळ न घालताही तोल आपोआप पुढे सरकतो.

स्पाइन घरी मोजता येतो. दोन टेकूंमध्ये २६ इंच अंतर ठेवून काडी आडवी ठेवावी, मधोमध दोन पाउंडांचे, म्हणजे ९०७ ग्रॅमचे वजन टांगावे आणि काडी किती इंच खाली वाकते ते पाहावे. २६ ला त्या आकड्याने भागले की स्पाइन पाउंडांत मिळतो. अर्धा इंच वाकली तर ५२. लाकडाच्या काडीत नॉकची खाच वार्षिक वलयांना आडवी घ्यावी, म्हणजे काडीची ताठ बाजू धनुष्याकडे राहते, आणि स्पाइनही त्याच बाजूने मोजावा.

काळी_काडी (कराड)

हे सगळे वाचायला छान आहे, पण एवढा खटाटोप कशासाठी? कार्बनच्या नळीत पितळेचा इन्सर्ट (टोकाकडे आत बसणारा तुकडा) बसवला की वजन हवे तेवढे वाढते, बारा बाणांत पाच ग्रेनचाही फरक राहत नाही, आणि पावसाळ्यात काडी वाकत नाही. पाटणच्या वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या वाऱ्यामुळेच. त्या बाजूला पाच इंची पिसांचा जाड बांबूचा बाण मारून पाहा, म्हणजे आडवा वारा काय असतो ते कळेल. बारीक कार्बन अशा वाऱ्यात फार कमी सरकतो. बांबूची भक्ती असणाऱ्यांनी ती जरूर करावी, परंतु नवशिक्याला तिच्यात ओढू नये.

कोनमापक (सांगली)

वाऱ्याबद्दलचे म्हणणे बरोबर आहे, मात्र ते जाडी आणि पिसांबद्दलचे आहे, वजनाबद्दलचे नव्हे. आकार तोच ठेवून फक्त वजन वाढवले, तर बाण हळू जाऊनही वाऱ्याने थोडा कमीच सरकतो, कारण धनुष्याने त्याला जास्त ऊर्जा दिलेली असते. जड कार्बन ही तडजोड मला स्वतःला पटते. लाँगबो (लांब, साध्या धनुष्याच्या) प्रकारात उतरायचे असेल तर मात्र आंतरराष्ट्रीय नियमांनुसार लाकडी बाण आणि नैसर्गिक पिसेच लागतात, तेव्हा काडी घडवणे टाळता येणार नाही.

वेळू_आणि_पीस (सातारा)

कराडकरांनी बारा बाणांच्या सारखेपणाचा मुद्दा काढला तो महत्त्वाचा आहे आणि बांबूची खरी परीक्षा तिथेच होते. पावसाळा संपल्यावर थंडीत तोडलेला बांबू घ्यावा, कारण ओल्या दिवसांत तोडलेल्याला घुण लवकर लागते. तो काही महिने सावलीत वाळवावा. नंतर निखाऱ्यावर पेर गरम करून, बाक असेल त्याच्या उलट दिशेला हळूहळू दाब देत, थंड होईपर्यंत तसाच धरून ठेवावा. घाई केली की गाठीजवळ बारीक चीर जाते आणि ती रंगाखाली लपते. गाठी कानशीने नुसत्या गुळगुळीत कराव्यात. सपाट करण्याच्या नादात वरची टणक साल गेली तर काडी तिथेच मोडते.

जितके बाण करायचे त्याच्या तिप्पट काड्या घेऊन स्पाइन आणि वजन यांप्रमाणे त्यांचे गट पाडावेत. एका संचात दहा ग्रेनपर्यंतचा फरक मी चालवून घेतो. सराफाकडे असतो तसा ग्रॅमचा शतांश दाखवणारा काटा या कामाला पुरतो. पिसे मात्र सगळी एकाच पंखाची घ्यावीत, डाव्या किंवा उजव्या; मिसळली तर बाण फिरायचा कसा, हे त्यालाच कळत नाही.

माणदेशी_नेम (दहिवडी)

तिप्पट काड्या कोणत्या शाळेला परवडतील, हे आपण सांगितले नाहीत. तरीही गट पाडण्याची पद्धत मी मुलांकडून करून घेईन, कारण वजन कितीही ठरवले तरी संच एकसारखा नसेल तर आपला हा वाद व्यर्थ आहे. आपण एक गोष्ट लिहायची राहिली, ती जोडतो. पिसे लावण्यापूर्वी नुसती काडी आणि पिसे लावलेले बाण एकाच नेमाने दहा-पंधरा मीटरवरून मारून पाहावेत. बाण धनुष्याच्या डाव्या अंगाला ठेवणाऱ्या उजव्या हाताच्या धनुर्धराची नुसती काडी डावीकडे लागली तर ती ताठ आहे, उजवीकडे लागली तर मऊ. मऊ असेल तर टोकाचे वजन कमी करून किंवा काडी थोडी कापून ती सुधारता येते. ताठ निघाली तर टोक जड करावे, आणि तेवढ्यापुरता मी आपल्या पक्षात आहे.

काळी_काडी (कराड)

लाकूड असो वा कार्बन, प्रत्येक सत्राआधी बाण दोन्ही हातांत धरून हलकासा वाकवावा आणि कानाशी न्यावा. कडकड ऐकू आली तर तो बाण तिथेच मोडून बाजूला टाकावा, कुणाला सरावासाठीसुद्धा देऊ नये. तडकलेली काडी दोरी सोडताना फुटली तर ती धनुष्य धरलेल्या हातातच शिरते, आणि त्या वेळी तिचे वजन सात होते की दहा, हे कोणी विचारत नाही.